विश्लेषण : एकच तालुका, दोन महामार्ग, मोबदल्याचे दोन हिशेब... सिन्नरमध्ये नेमके काय घडते आहे?

नाशिक-सोलापूर-अक्कलकोट या ३७४ किलोमीटरच्या सहापदरी महामार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहारविषयक समितीने ३१ डिसेंबर २०२५ रोजी मंजुरी दिली. प्रकल्पाचा खर्च १९ हजार १४२ कोटी रुपये आहे. हा रस्ता पांगरी येथे समृद्धी महामार्गाला जोडला जाणार आहे. म्हणजे राज्याने स्वतः उभारलेला आणि केंद्राच्या मंजुरीने होणारा, असे दोन मोठे महामार्ग सिन्नर तालुक्यात एकमेकांना भेटतील. मात्र रस्ता कोणाचा, यावर शेतकऱ्याला जमिनीचे किती पैसे मिळणार हे अवलंबून आहे. ते कसे?

रस्त्यांसाठी राज्याला केंद्राकडे का जावे लागते?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यादीत आहेत. उरलेले रस्ते, पूल आणि जलमार्गावरील फेरीसेवा राज्याच्या यादीत येतात. म्हणजे सिन्नरचा जिल्हा मार्ग असो की मांडव्याची जेट्टी, जबाबदारी राज्याची. पैशाची विभागणी मात्र वेगळी आहे. पेट्रोल-डिझेलवरील रस्ते व पायाभूत सुविधा उपकर केंद्र गोळा करते. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील ४१ टक्के वाटा राज्यांना दिला. पण उपकर या वाटपात धरला जात नाही. त्यामुळे रस्त्यांसाठी उभारलेल्या या पैशातील हिस्सा मिळवायचा तर राज्याला प्रस्ताव घेऊन दिल्लीला जावे लागते. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिच्या सुविधांसाठीही केंद्राच्या ‘सागरमाला’ योजनेचा आधार घेतला गेला होता.

समृद्धी महामार्ग कोणाच्या पैशांतून झाला?

७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला. त्यासाठी ५५ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च आला. बँकांची कर्जे आणि राज्याच्या महामंडळांचे भागभांडवल यांतून तो उभा राहिला. सिन्नरमधून जाणारा शिर्डी-भरवीर हा ८० किलोमीटरचा टप्पा २६ मे २०२३ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी संपूर्ण मार्ग सुरू झाला. केंद्राच्या रांगेत उभे न राहिल्याने निर्णय राज्याच्या हातात राहिले. पण कर्जही राज्याच्याच महामंडळाच्या माथी आले. ते वाहनचालकांच्या टोलमधून फेडायचे आहे.

अक्कलकोट महामार्गाचा खर्च केंद्र करणार का?

मंजुरी मिळाली म्हणजे तिजोरीतून पैसे आले, असे समजले जाते. येथे तसे नाही. हा प्रकल्प ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या टोल तत्त्वावर होणार आहे. ठेकेदार कंपनी गुंतवणूक करेल आणि ठरलेल्या मुदतीत टोल घेऊन ती वसूल करेल. हा रस्ता मुळात सुरत-चेन्नई हरित महामार्गाचा भाग आहे. तो ज्या ‘भारतमाला’ कार्यक्रमात होता त्याला २०१७ मध्ये मंजुरी मिळाली होती. २०२३ च्या अखेरीस त्यातील नवी कामे थंडावली. तोपर्यंत नाशिक जिल्ह्यात भूसंपादनाच्या हालचाली सुरू झाल्या होत्या. रस्ता होणार की नाही, हे स्पष्ट नसताना शेतकऱ्याला विहीर खणणे, द्राक्षबाग लावणे किंवा जमीन विकणे यांपैकी कोणताही निर्णय घेणे अवघड जाते.

मोबदल्यात फरक कशामुळे पडतो?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार बाजारमूल्याला आधी गुणांकाने गुणतात आणि आलेल्या रकमेवर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून देतात. ग्रामीण भागात गुणांक २ असेल तर मोबदला बाजारमूल्याच्या चौपट होतो. समृद्धीसाठी थेट खरेदीने जमीन देणाऱ्यांना त्यावर आणखी २५ टक्के, म्हणजे एकूण पाचपट रक्कम मिळाली. २०१७ मध्ये शिवडेसह सिन्नरच्या काही गावांनी मोजणीला कडवा विरोध केला होता. पुढे खरेदीखते होऊ लागली, त्यात या दराचा वाटा मोठा होता.

राष्ट्रीय महामार्गांसाठी मात्र राज्याने २०२१ मध्ये हा गुणांक २ वरून १ केला. त्याने मोबदला दुपटीवर येतो. उदाहरणादाखल, एकरी बाजारमूल्य १० लाख रुपये धरले तर समृद्धीच्या हिशेबाने ५० लाख आणि राष्ट्रीय महामार्गाच्या या हिशेबाने २० लाख होतात. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांत ३० लाखांचा फरक पडतो. म्हणूनच ‘समृद्धीप्रमाणे दर द्या’ ही सुरत-चेन्नई मार्गातील शेतकऱ्यांची मुख्य मागणी राहिली.

राज्याने गुणांक कमी का केला?

महाराष्ट्रात जमीन महाग पडते, त्यामुळे महामार्ग परवडत नाहीत, अशी केंद्राची तक्रार होती. गुणांक राज्य ठरवते, पण राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीचे पैसे केंद्राच्या बाजूने येतात. दर वाढवला तर प्रकल्प दुसऱ्या राज्यात जाण्याची भीती, कमी केला तर शेतकऱ्यांचा रोष. राज्याने प्रकल्प निवडले. म्हणजे केंद्राच्या मदतीसाठी राज्याने दिलेल्या सवलतीचा भार प्रत्यक्षात जमीन देणाऱ्यावर पडला.

नाशिक-पुणे रेल्वेचे काय झाले?

मंजुरीच अडली तर काय होते, याचे उदाहरणही सिन्नरमध्येच आहे. सिन्नर, संगमनेर, नारायणगावमार्गे जाणारा २३५ किलोमीटरचा सेमी-हायस्पीड मार्ग महारेलने आखला. १६ हजार ३९ कोटींच्या या प्रकल्पात राज्य व रेल्वे प्रत्येकी २० टक्के देणार होते आणि उरलेले ६० टक्के कर्ज-भांडवलातून उभे राहणार होते. राज्याने २०२१ मध्ये मान्यता दिली, सिन्नर तालुक्यात जमीनखरेदीही सुरू झाली. केंद्राची अंतिम मंजुरी मात्र आली नाही. जुन्नर तालुक्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, ही अडचण ठरली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना अवकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी टिपतात. विद्युत रेल्वेमुळे त्यांत व्यत्यय येण्याची शक्यता असते. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी शिर्डी-अहिल्यानगरमार्गे पर्याय पुढे केल्याने संगमनेर, नारायणगाव हा मूळ मार्ग बाजूला पडला.

पुढे कशाकडे लक्ष ठेवावे?

राष्ट्रीय महामार्ग कायद्यानुसार ‘३ ए’ अधिसूचनेने जमीन घेण्याचा इरादा जाहीर होतो. त्यानंतर वर्षभरात ‘३ डी’ अधिसूचना निघाली नाही तर आधीची अधिसूचना रद्द ठरते. ‘३ डी’ निघाली की जमीन केंद्राच्या मालकीची होते. म्हणून पांगरी परिसरातील शेतकऱ्यांनी आपले गट क्रमांक कोणत्या अधिसूचनेत आहेत आणि तिची तारीख काय, हे प्रांत कार्यालयात तपासणे महत्त्वाचे. मोबदल्याची रक्कम मान्य नसेल तर लवादाकडे दाद मागता येते. गुणांकाचा निर्णय मात्र लवादाच्या नव्हे, राज्य सरकारच्या हातात आहे. केंद्राची मंजुरी आली असली तरी मोबदल्याचा प्रश्न मुंबईतच सुटायचा आहे.