विमा फक्त निरोग्यांसाठीच?

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले आणि देशी-विदेशी मिळून २४५ विमासंस्थांचा कारभार एका सार्वजनिक छत्राखाली आला. जनतेच्या बचतीवर मूठभर भांडवलदारांनी सट्टा खेळू नये, हा त्यामागील एक हेतू होता. विमा शहरी सुखवस्तू वर्गापुरता न राहता सामान्य माणसाच्या दारापर्यंत जावा, हा दुसरा. नरीमन पॉइंटवरील महामंडळाच्या मुख्य कचेरीचे नावच ‘योगक्षेम’ आहे. जे नाही ते मिळवून देणे आणि जे आहे ते राखणे, असा त्या शब्दाचा अर्थ. आज सात दशकांनंतर प्रश्न असा आहे की, ज्याला या योगक्षेमाची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच विम्याच्या दारातून परत का पाठविले जाते?

हा प्रश्न मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजाराच्या संदर्भात फार तीव्रतेने पुढे येतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या आवरणावर उलटते आणि ते आवरण ठिकठिकाणी झिजते, असे या विकाराचे स्वरूप आहे. कधी एका डोळ्याची दृष्टी अंधुक होते, कधी पाय बधिर होतात, कधी तोल जातो. आणि बाहेरून कोणाला दिसत नाही असा एक असह्य थकवा अंगात घर करतो. हा रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या वयात गाठतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळते. तो संसर्गजन्य नाही. तो बहुतेकांना लवकर मारीतही नाही. योग्य वेळी औषध सुरू झाले तर अनेक रुग्ण वर्षानुवर्षे नोकरी करतात, संसार चालवितात, मुले वाढवितात. म्हणजेच हा मृत्यूचा आजार नसून दीर्घ आयुष्य सोबत वागवावा लागणारा आजार आहे. आणि नेमका म्हणूनच तो खर्चाचा आहे.

मुंबईच्या उपनगरांत या प्रश्नाला एक वेगळा इतिहास आहे. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा, तसेच अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आणि कांदिवली-बोरिवलीच्या पट्ट्यात एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत. त्या कारखान्यांत नव्याने लागलेल्या कामगाराला आरोग्यविम्यासाठी वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागत नसे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यान्वये वेतनातून वर्गणी कापली जाई, मालक आपला हिस्सा भरी, आणि कामगार कोणत्या आजाराने ग्रासला आहे हे न पाहता त्याला व त्याच्या कुटुंबाला उपचार मिळत. मुलुंड, कांदिवली व अंधेरी येथील कामगार विमा रुग्णालये या व्यवस्थेचीच फळे होत. त्या रुग्णालयांची पुढे झालेली हेळसांड हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. डिसेंबर २०१८ मध्ये अंधेरीच्या रुग्णालयाला लागलेल्या आगीत रुग्ण दगावले, तेव्हा ती हेळसांड साऱ्या शहराने पाहिली. परंतु व्यवस्थेतील दोष दाखविताना तिचे तत्त्व विसरता कामा नये. रोग हा वगळण्याचे कारण नाही, हे ते तत्त्व होय.

पुढे गिरण्यांप्रमाणेच कारखानेही गेले. त्यांच्या जागी मॉल, उंच इमारती आणि काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. कर्मचारी राज्य विम्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१ हजार रुपये करण्यात आली. त्याहून थोडे अधिक वेतन घेणारा तरुण कर्मचारी त्या छत्राबाहेर पडला आणि मालकाने काढलेल्या सामूहिक पॉलिसीच्या आधारावर उभा राहिला. हा आधार नोकरी असेपर्यंतचाच असतो. अंधेरीच्या एखाद्या कचेरीत काम करणारी, मुलुंडला राहणारी अठ्ठावीस वर्षांची तरुणी डोळ्यांपुढे आणावी. निदान होते तेव्हा कंपनीची पॉलिसी असते, म्हणून पहिला खर्च निभावतो. मग मे महिन्याच्या उकाड्यात गर्दीच्या लोकलचा प्रवास अशक्य होऊ लागतो. कारण या आजारात शरीराचे तापमान वाढले की लक्षणे बळावतात. घाटकोपरचा पूल चढताना पाय साथ देत नाहीत. रजा संपतात. नोकरी सुटते आणि नोकरीबरोबर विमाही सुटतो. सामूहिक पॉलिसीचे वैयक्तिक पॉलिसीत रूपांतर करण्याची सोय कागदावर आहे. परंतु तेथेही कंपनी नव्याने प्रकृती तपासते. म्हणजे जो आधार आजारपणासाठी होता, तो आजारपणामुळेच काढून घेतला जातो.

आयुर्विम्याची कथा याहून निराळी नाही. प्रस्तावपत्रात आजाराचे नाव लिहिले की एक तर जादा हप्ता, नाही तर निर्णय लांबणीवर, नाही तर सरळ नकार. लिहिले नाही तर ती लपवाछपवी ठरते आणि उद्या वारसांचा दावा फेटाळला जाण्याची टांगती तलवार राहते. घराच्या कर्जासोबत विमा मागितला जातो, तेथेही हीच अडचण आडवी येते. प्रामाणिकपणा महाग आणि अप्रामाणिकपणा धोक्याचा, अशा कात्रीत नागरिकाला पकडणारी व्यवस्था न्याय्य म्हणता येणार नाही.

विमा कंपन्यांचा युक्तिवाद ऐकून घेतला पाहिजे, कारण तो सर्वस्वी पोकळ नाही. घराला आग लागल्यावर विमा काढायला येणाऱ्याला विमा दिला तर निधीच बुडेल, असे त्या म्हणतात. निरोगी माणसे बाहेर राहतील, आजारी तेवढी आत येतील आणि हप्ते आकाशाला भिडतील, ही भीती खरी आहे. परंतु या भीतीवरचा उपाय आजाऱ्याला बाहेर ठेवणे हा नव्हे. सर्वांना आत घेणे हा आहे. कर्मचारी राज्य विमा याच हिशेबावर चालत आला. २०१५ साली सुरू झालेल्या पंतप्रधान जीवनज्योती योजनेत वैद्यकीय तपासणीवाचून दोन लाखांचा आयुर्विमा दिला जातो आणि जून २०२२ पासून त्याचा वार्षिक हप्ता ४३६ रुपये करण्यात आला. ही रक्कम एखाद्या कुटुंबाला पुरणारी नाही, हे उघड आहे. तथापि संख्या मोठी असली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारे ओझे किती हलके होते, हे तिने सिद्ध केले. मल्टिपल स्क्लेरॉसिस हा भारतात तुलनेने कमी आढळणारा आजार आहे. कोट्यवधी विमेदारांच्या निधीत या रुग्णांचा भार पेलणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी आकडेवारी मांडून ते दाखवावे.

आकडेवारी दाखवा, ही मागणी अवाजवी नाही. एच.आय.व्ही. व एड्सविषयक २०१७ च्या कायद्याने, विमागणिती अभ्यासाचा आधार असल्याखेरीज विमा नाकारणे हा भेदभाव ठरविला आहे. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारांचा विमा शारीरिक आजारांच्या बरोबरीने देण्याचे बंधन घातले. मज्जासंस्थेच्या रुग्णांनी मात्र कोणते पाप केले आहे? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्याच्या २५ व्या कलमात आरोग्यविमा व आयुर्विमा देताना दिव्यांगांबाबत भेदभाव करण्यास मनाई आहे आणि विमा न्याय्य व वाजवी रीतीने द्यावा, असे स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. या करारानुसार झालेल्या २०१६ च्या कायद्याच्या अनुसूचीत एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरॉसिसचा नावानिशी उल्लेख आहे. शासनाने दिव्यांगांसाठी सर्वंकष विमायोजना आखावी, अशी अपेक्षाही त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात व्यक्त झाली आहे.

असे असता तीनच वर्षांनी काय घडले? सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्यविम्यातील अपवादांचे प्रमाणीकरण केले. विमा घेण्यापूर्वीपासून असलेले कोणते आजार पॉलिसीतून कायमचे वगळता येतील, याची एक यादी त्यात होती. मज्जातंतूंचे आवरण झिजविणारे विकार, म्हणजेच मल्टिपल स्क्लेरॉसिसचा सारा वर्ग, त्या यादीत बसविण्यात आला. संसदेने ज्या आजाराला संरक्षण दिले, त्याच आजाराला वगळण्याची मुभा शासननिर्मित प्राधिकरणाने दिली. २०२४ च्या नियमांनी व परिपत्रकाने आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आणि सर्व प्रकारच्या आजारी व्यक्तींसाठी पॉलिसी उपलब्ध असाव्यात, असे सांगितले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण प्रत्यक्षात कोणाला घ्यायचे आणि किती हप्त्यावर, हे ठरविण्याची किल्ली कंपनीच्याच खिशात राहिली.

न्यायालयांनी याबाबत अधिक स्पष्ट भूमिका घेतली आहे. महामंडळाची एक स्वस्त मुदती पॉलिसी केवळ सरकारी व नामांकित कंपन्यांतील पगारदारांपुरती राखून ठेवली होती. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि विम्याच्या अटी न्याय्य व वाजवी असल्या पाहिजेत, असा दंडक घालून दिला. मज्जारज्जूच्या इजेमुळे चाकाच्या खुर्चीवर असलेल्या एका नोकरदाराला आरोग्यविमा नाकारला गेला, तेव्हा डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिव्यांगांसाठी पॉलिसी आणण्याच्या दृष्टीने नियामकाला निर्देश दिले. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रत्येक सामान्य व आरोग्यविमा कंपनीने अशी पॉलिसी आणावी, असा आदेश निघाला. एका माणसाने न्यायालयाची पायरी चढली म्हणून हे दार किलकिले झाले.

परंतु या दारात शासनाची स्वतःची एक अडचण उभी आहे. ती म्हणजे चाळीस टक्क्यांची. दिव्यांगांसाठीच्या बहुतेक योजना व सवलती चाळीस टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर अडतात. मल्टिपल स्क्लेरॉसिस मात्र चढउताराचा रोग आहे. झटका येतो, ओसरतो, पुन्हा येतो. तपासणीच्या दिवशी रुग्ण चालत गेला तर त्याचे दिव्यांगत्व वीस टक्के भरते. तोच महिनाभरापूर्वी अंथरुणातून उठू शकत नव्हता, याची नोंद टक्केवारीत कोठे होणार? थकवा कोणत्या फूटपट्टीने मोजणार? कंपनीच्या दृष्टीने तो विमा देण्याच्या पलीकडचा आजारी आणि शासनाच्या दृष्टीने तो मदत देण्याइतका दिव्यांग नाही, अशी ही विलक्षण अवस्था आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमायोजनेतही त्याला स्थान नाही, कारण ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगत्व यांपुरतीच आहे.

महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देते आणि तिचा विस्तार सर्व शिधापत्रिकाधारकांपर्यंत झाला, हे राज्याचे चांगले पाऊल आहे. पण तिची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या उपचारांभोवती आहे. या आजाराचा खरा खर्च रोजच्या गोळीचा, ठरावीक काळाने घ्यावयाच्या इंजेक्शनचा, एम.आर.आय.चा आणि व्यायामोपचाराचा असतो. रुग्णाला रुग्णालयाबाहेर ठेवणारे औषध विम्यात बसत नाही आणि औषधाअभावी त्याचे पाय गेले की मग खाटेचे पैसे मिळतात, हा कोणता शहाणपणा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली या आजारावरील तीन औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. त्यांपैकी रिटुक्सिमॅब भारतातच तयार होते. औषध देशात आहे. प्रश्न ते रुग्णाच्या हाती पोचविण्याचा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्याच्या हप्त्यांवरील वस्तू व सेवा कर शून्यावर आणला गेला, त्याचा मोठा गाजावाजा झाला. ज्याच्याजवळ पॉलिसी आहे, त्याला दिलासा मिळाला. ज्याला पॉलिसीच नाकारली जाते, त्याला या सवलतीतून एक पैसाही मिळत नाही. याउलट बाजारवादाची काशी मानल्या गेलेल्या अमेरिकेतसुद्धा २०१० च्या कायद्यान्वये १ जानेवारी २०१४ पासून पूर्वीच्या आजाराच्या कारणावरून आरोग्यविमा नाकारण्यास बंदी आली. जे तेथे शक्य झाले ते समाजवादाची शपथ घटनेच्या उद्देशिकेत घेणाऱ्या देशाला अशक्य असू नये.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. विमागणिती पुरावा लेखी दिल्यावाचून कोणत्याही आजाराच्या नावावर आयुर्विमा वा आरोग्यविमा नाकारता येऊ नये. मल्टिपल स्क्लेरॉसिससारख्या चढउताराच्या रोगात टक्केवारीऐवजी निदानाचे प्रमाणपत्र पात्रतेसाठी पुरेसे मानावे. नोकरी सुटल्यावर सामूहिक विमा नव्या तपासणीविना चालू ठेवण्याचा हक्क मिळावा. कर्मचारी राज्य विम्याची वेतनमर्यादा वाढवावी आणि बाह्यरुग्ण औषधोपचार राज्याच्या योजनेत आणावेत. आयुर्विमा महामंडळ व चार सरकारी सामान्य विमा कंपन्या यांनी या बाबतीत पुढाकार घ्यावा. तो घ्यावयाचा नसेल तर त्यांचे सरकारीपण कशासाठी, याचे उत्तर द्यावे.

या मागण्या पूर्ण होईपर्यंत कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम वस्त्यावस्त्यांतून पडलेले आहे. रेहमत फजलभॉय या स्वतः रुग्ण असलेल्या महिलेच्या पुढाकाराने १९८५ मध्ये मुंबईत मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. रुग्णांना एकत्र आणण्याचे मोल तिच्या कार्यातून कळते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील शाखांनी अशा रुग्णांचा शोध घ्यावा. शिधापत्रिका व दिव्यांग प्रमाणपत्र मिळविण्यास त्यांना साह्य करावे. विमा नाकारला गेला असेल तर नकार लेखी मागून घ्यावा आणि त्याविरुद्ध विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी. तोंडी नकाराची कोठे नोंद राहत नाही. लेखी नकारांचा गठ्ठा जमला, तर विधिमंडळात आणि न्यायालयात या अन्यायाचा पुरावा म्हणून तो मांडता येईल.