मुलीला आर्किटेक्ट व्हायचंय? ‘त्यापेक्षा इंटिरियर कर’ म्हणू नका!

दोहातल्या आणि बाहेरच्या मराठी आईबाबांनो, आज जरा स्पष्टच लिहितेय.

बारावी जवळ आली की आपल्या गटगमध्ये तेच ऐकू येतं. मुलगा आर्किटेक्चर म्हणाला की ‘अरे वा!’ मुलगी म्हणाली की ‘साइटवर जावं लागतं गं. ऊन, धूळ, सगळे पुरुष. त्यापेक्षा इंटिरियर कर, घरूनही जमतं.’ इंटिरियर काही कमी नाही, पण तिने ते मागितलंय का?

आणि आपणच पाहुण्यांना हौसेने अल वक्राचं अल जनूब स्टेडियम दाखवायला नेतो! ते डिझाइन झाहा हदीदचं. जन्म बगदादचा, गणित बेरूतला, आर्किटेक्चर लंडनला. परक्या देशात उभी राहिली. १९९४ मध्ये कार्डिफच्या ऑपेरा हाउसची स्पर्धा जिंकली, तरी ते बांधलंच नाही. २००४ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. तरीही २०१३ मध्ये या स्टेडियमचं चित्र आलं, तेव्हा त्याच्या आकारावरून जगभर अचकट थट्टा झाली. स्टेडियम २०१९ मध्ये खुलं झालं. ती २०१६ मध्येच गेली होती.

‘ती झाहा होती, घरचीही श्रीमंत,’ असं म्हणाल. बरोबर. पण त्या घराने तिला अडवलं नाही, हे आपल्यालाही जमण्यासारखं आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

पेरिन मिस्त्री १९३६ मध्ये मुंबईच्या जे.जे.मधून आर्किटेक्ट झाल्या. श्रीलंकेहून मुंबईत शिकायला आलेल्या मिनेट डी सिल्वा १९४८ मध्ये ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेच्या पहिल्या आशियाई महिला असोसिएट झाल्या. आणि आज आपल्या मुलींना ‘झेपणार नाही’?

उन्हाचं म्हणाल, तर कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम सगळ्यांनाच बंद असतं. ऊन बाई-पुरुष बघत नाही.

मी सीए. ऑडिटसाठी गोदामात उभं राहून पोती मोजलीत. म्हणून हिशेबाचं बोलते. मुलाची फी ‘गुंतवणूक’ आणि मुलीचं पाच वर्षांचं बी.आर्क. ‘खर्च’, कारण पुढे लग्न! एकच फी दोन वेगळ्या खात्यांत? असली नोंद मी पास करणार नाही.

बाहेर तिला अडवणारे भेटतीलच. मीटिंगमध्ये तिला कुणी चहाही सांगेल. ती लढेल. पहिली हरकत घरातून नको, एवढंच. यंदा तिने नाटाचा फॉर्म भरायला घेतला, तर फक्त विचारा, ‘परीक्षा कधी आहे गं?’