नातवंडाचा ताबा भावकीत नव्हे, न्यायालयात मागा



मुलगी ऐन उमेदीत जग सोडून जाते आणि मागे एक अजाण लेकरू उरते. दुःखाचे दिवस सरतात न सरतात तोच त्या लेकरावरून दोन घरांत वाद उभा राहतो. आजोळचे म्हणतात, "आम्ही वाढविले, आमचेच." बापाकडचे म्हणतात, "वंश आमचा, आमच्याच दारी येईल." मग भावकी बसते, चार पुढारी जमतात, आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या पदरात मूल टाकले जाते. ज्याच्या आयुष्याचा हा निवाडा असतो, त्या मुलाला मात्र कोणी काही विचारीत नाही. हा रिवाज आपण टाकून दिला पाहिजे.

पालक व पाल्य अधिनियम, १८९० अन्वये अल्पवयीन मुलाच्या कोणाही नातलगास पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. आजी-आजोबा त्यांतच आले. मूल जेथे नेहमी राहते तेथील कुटुंब न्यायालयात, आणि ते नसेल तर जिल्हा न्यायालयात, हा अर्ज करावयाचा असतो.

आपणांपैकी कित्येकांस शंका येते की, धर्मांतर केल्याने मुलावरील आपला अधिकार गेला काय? मुळीच नाही. हिंदू कोडाचे बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच कोडाचा एक भाग १९५६ साली अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणून आला. तो बौद्धांस स्पष्ट शब्दांत लागू आहे. म्हणून बौद्ध झाल्याच्या कारणाने कोणाही आईबापाचे पालकत्व बुडत नाही. मुलाचे कल्याण हीच सर्वश्रेष्ठ बाब होय, हे तत्त्वही याच कायद्याच्या १३व्या कलमात नमूद आहे.

परंतु गोड बोलून आपली फसवणूक करणे उचित नव्हे. बाप हयात असेल आणि तो नालायक ठरत नसेल, तर कायद्याचा कौल बहुधा त्याच्याकडेच झुकतो. आई आजाराने वारल्यावर आजोळच्या नातलगांनी सांभाळलेले मूल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात बापाच्या हवाली केले. केवळ माया पुरेशी होत नाही, हा त्याचा धडा.

उलट २००८ सालचे प्रकरण पाहा. पत्नीच्या मृत्यूबद्दल बापावरच खटला चालू होता. खालच्या न्यायालयाने व उच्च न्यायालयाने मूल त्यालाच दिले. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. बापावरील आरोप आणि मुलाची इच्छा या दोन्ही गोष्टी विचारात घ्यावयास हव्या होत्या असे सांगून त्याने मूल आईच्या आईवडिलांकडेच ठेवले.

२०२१ साली कोरोनाने आईबाप दोघेही हिरावलेल्या गुजरातेतील एका मुलाचे प्रकरण याहून बोलके आहे. मावशी वयाने लहान व नोकरदार, आजोबा सत्तरी ओलांडलेले व पेन्शनीवर जगणारे, म्हणून उच्च न्यायालयाने मूल मावशीकडे दिले होते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बापाच्या आईवडिलांकडे सोपविले. वय आणि उत्पन्न ही एकमेव कसोटी होऊ शकत नाही, असा त्याचा आशय. तेव्हा आपण म्हातारे आहोत, गरीब आहोत, म्हणून न्यायालयाच्या पायरीला भिऊ नका.

वकिलाच्या खर्चाचीही धास्ती नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १९९० साली बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडे अर्ज करा.

आता चार गोष्टी कटाक्षाने पाळा. जन्माचा व मृत्यूचा दाखला, शाळेचे कागद, दवाखान्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. मूल कोणी वाढविले, हे त्यांवरूनच सिद्ध होते. अर्जाला विलंब करू नका. निकाल लागेपर्यंत तात्पुरत्या ताब्याचा हुकूम मागता येतो. मुलाला गुपचूप परगावी लपवू नका, त्याने आपलीच बाजू लंगडी पडते. आणि बापाविषयी त्याच्या मनात विष कालवू नका. समजत्या वयाच्या मुलाचे मत न्यायाधीश विचारात घेऊ शकतात, आणि पढविलेले बोल ते ओळखतात.

कायद्यातही उणीव आहे. मूल बापाकडे गेले तरी आजी-आजोबांस त्याला भेटण्याचा स्वतंत्र हक्क कोणत्याही कलमात लिहिलेला नाही. सारे न्यायाधीशाच्या मर्जीवर. ज्याची आई गेली त्याची आजीही तोडणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पोरके करणे होय. हा हक्क कायद्यात लिहिला जावा, अशी मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे.

मूल ही कोणाची मिळकत नव्हे. ते स्वतंत्र माणूस आहे, आणि माणसाचे माणूसपण मानणे हेच आपण शिकलो आहोत. म्हणून न्यायालयात "आमचे मूल आम्हांस द्या" असे म्हणू नका. "या मुलाचे भले कोठे होईल ते पाहा," असे म्हणा. आपले घर त्या कसोटीस उतरेल असे ठेवा, आणि निकाल विरुद्ध गेला तरी त्या लेकरासाठी दार उघडे ठेवा.