कासवाला हौद नको, तळे द्या



पावसाळा लागला की बांधाच्या कडेने एखादे कासव चालताना दिसते. पोरे ते उचलून घरी आणतात आणि हट्ट धरतात, "ह्याला हौद बांधून द्या!" हौद बांधणे अवघड नाही. विटा, सिमेंट आणि दोन दिवसांचे काम. पण विटा आणण्याआधी चार गोष्टी ध्यानात घ्या.

आपल्या ओढ्यातले, तळ्यातले मऊ पाठीचे कासव आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले चांदणी कासव, ही दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे कासव घरात कोंडण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि कमीत कमी २५ हजार रुपये दंड आहे. शिवाय चांदणी कासव जमिनीवर राहणारे. हौदात टाकले तर ते बुडून मरते.

वीस नखांच्या कासवाने धन मिळते, असे कोणी सांगत आला तर त्याला ओट्यावरूनच वाटेला लावा. मऊ पाठीच्या कासवाच्या एकेका पायाला तीनच नखे असतात. म्हणजे झाली बारा!

मग हौस कशी भागवायची? कासव आणू नका, त्याला यावेसे वाटेल अशी जागा करा. शेतातल्या सखल कोपऱ्यात १५ फूट लांब, १० फूट रुंद आणि मध्ये तीन फूट खोल खड्डा घ्या. एका बाजूला सरळ काठ ठेवू नका. एक फूट खोलीला तीन फूट असा उतार द्या. तळाला चिकणमाती भिजवून, तुडवून सहा इंचांचा थर बसवा आणि त्यावर तळ्यातला गाळ पसरा. पाणी आटले की हे कासव गाळात शिरून उन्हाळा काढते. उन्हाला बसण्यासाठी पाण्यात एक ओंडका आडवा टाका. काठावर दोन-तीन हात मोकळी माती राहू द्या. कासव तिथे उकरून अंडी घालते. फवारणीचे पंप तिथे धुवू नका. घरात लहान मूल असेल तर भोवती काटेरी कुंपण घाला आणि कासवाला येण्याजाण्यापुरती खाली फट ठेवा.

ओलीच्या दिवसांत कासव एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात चालत जाते. ते आले तर गोगलगायी, किडे, मेलेले मासे खाऊन पाणी स्वच्छ ठेवील.

आपल्या जालना जिल्ह्यात कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांवर द्राक्षबागा उभ्या केल्या. पण शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद निसरडा असतो. आत पडलेला जीव वर चढू शकत नाही. एका कोपऱ्यात बांधापासून तळापर्यंत गोणपाटाची पट्टी सोडा, शेजारी जाड दोर बांधा. गोणपाटावरून कासव वर येईल आणि पाय घसरलेल्या माणसाला दोराचा आधार मिळेल. उन्हाळ्यात गाळ काढताना कासव निघाले तर जवळच्याच ओल्या चिखलात सोडून द्या.

शहरातल्या दुकानातून कोणी डोळ्यामागे लाल पट्टा असलेले इवलेसे कासव आणलेले असते. ते मूळचे अमेरिकेतले. वाढून फूटभर होते आणि वीस-तीस वर्षे जगते. त्याला मात्र घरचा हौदच हवा: दीड-दोन फूट पाणी, चढून कोरडे बसायला उतरता दगड, अर्धी सावली, वर जाळी आणि घाण पाणी काढायला तळाशी नळी. कंटाळा आला म्हणून ते मस्तगडाजवळ कुंडलिकेत किंवा मोती तलावात सोडून देऊ नका. तिथल्या कासवांचे अन्न आणि उन्हाला बसायची जागा ते बळकावते.

कोणत्याही कासवाला हात लावल्यावर पोरांचे हात साबणाने धुवा. त्याच्या अंगावरून हगवणीचे जंतू येतात. आणि आपल्याकडचे एखादे कासव आधीच घरात असेल, किंवा जखमी सापडले, तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा. आज कळवलेले बरे.