टिकाऊपणाची शिक्षा

जी वस्तू लवकर मोडते तिचा व्यापार वाढतो आणि जी पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती बाजारातून हद्दपार होते, हा आजच्या अर्थव्यवहाराचा उफराटा न्याय होय. निकेल-लोह बॅटरीची कहाणी त्याची साक्ष देते.

स्वीडनमधील वाल्डेमार युंगनर आणि अमेरिकेतील थॉमस एडिसन या दोघांनी १९०० च्या आसपास या बॅटरीचा पाया घातला. एडिसनच्या पहिल्या घटांना गळती लागली, तेव्हा १९०४ मध्ये त्याने उत्पादन थांबविले. पुढे पाच वर्षे खपून १९०९ मध्ये सुधारित घट बाजारात आणला. रचना साधी : एका बाजूस निकेलचे संयुग, दुसऱ्या बाजूस लोखंड आणि मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साईडचे द्रावण. ही द्रव्ये द्रावणात फारशी विरघळत नाहीत, म्हणून पट्ट्या झिजत नाहीत. अतिरिक्त चार्जिंग झाले, घट पूर्ण रिकामा झाला, तरी तो निकामी होत नाही. खाणींत आणि रेल्वेत असे घट दशकानुदशके राबले.

मग ते गेले कोठे? मोटारीचे इंजिन विजेने सुरू करण्याची सोय १९१२ मध्ये आली. तिला क्षणभर मोठा प्रवाह लागतो. तो शिसे-आम्ल बॅटरी स्वस्तात देते, लोखंडाची देत नाही. बाजार शिशाकडे वळला. १९७२ मध्ये एडिसनचा कारखाना शिशाच्या बॅटऱ्या बनविणाऱ्या एक्साइड कंपनीकडे गेला आणि १९७५ मध्ये हे उत्पादनच बंद झाले. दर काही वर्षांनी नवी बॅटरी खपविणाऱ्यास न मरणारी बॅटरी कशी परवडावी?

या बॅटरीत दोष नाहीत असे नव्हे. ती जड आहे, महाग आहे. महिनाभर पडून राहिली तर २० ते ३० टक्के वीज आपोआप गमावते. तिला वरचेवर डिस्टिल्ड वॉटर लागते आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघत असल्याने खोली हवेशीर हवी. निकेलही भारताला आयात करावे लागते. मोटारीला हे दोष भोवतील. पण सौर पॅनेलखाली एकाच जागी बसलेल्या बॅटरीला वजनाची काय मातब्बरी? जी रोज भरते, रोज रिकामी होते, तिला महिनाभराच्या गळतीचे काय भय?

स्वस्त शिशाची खरी किंमत मात्र कोणी मांडत नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातील २७ कोटींहून अधिक मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे आणि त्या विषबाधेचे एक प्रमुख कारण जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळविणे हे आहे. लिथियमच्या घटांसाठी तर देश आजही मोठ्या प्रमाणावर चीनच्या तोंडाकडे पाहतो.

तरीही निविदा उघडते तेव्हा विजयी ठरतो तो सर्वांत कमी आकडा. आरोग्य केंद्रासाठी, आश्रमशाळेसाठी बॅटरी घेताना हिशेब खरेदीच्या दिवसाचा नव्हे, पंचवीस वर्षांचा मांडला पाहिजे; किती वेळा बदलावी लागेल, जुनी कोठे वितळेल आणि तो धूर कोणाच्या मुलांच्या छातीत जाईल, हे त्यात धरले पाहिजे. त्या हिशेबात निकेल-लोह बॅटरी हरली, तर खुशाल हरू द्यावी. परंतु तिला तराजूत न घालताच बाद करणे याला काटकसर म्हणत नाहीत. तो पुढच्या पिढीच्या नावावर काढलेला कर्जरोखा आहे.