आधी सांगाडा, मग सॉफ्टवेअर

खुल्या छताच्या वेगवान गाडीचे माहितीपत्रक हातात घ्या. सुरुवात अश्वशक्ती आणि सेकंदांनी होते, मग पाने संगणकाने भरतात. डॅम्पर किती मिलिसेकंदांत बदलतो, मागची चाके किती अंश वळतात, ड्रायव्हिंगचे मोड किती. सांगाड्याच्या वाट्याला एखादे वाक्य येते: पिळाचा ताठरपणा आधीच्या मॉडेलपेक्षा इतके टक्के जास्त. आपल्या व्यवसायातल्या माणसाने हे पत्रक शेवटाकडून वाचावे, असे आमचे मत आहे. छत नसलेल्या गाडीत बॉडी हाच सस्पेन्शनचा पहिला भाग असतो. तो ढिला असेल तर पुढची सगळी हुशारी वाया जाते. हे डिझाइन करणाऱ्याला लागू आहे, चाचणी घेणाऱ्याला आहे आणि लिफ्टखाली उभ्या असलेल्या तंत्रज्ञालाही आहे.

मूळ अडचण अभ्यासक्रमातलीच आहे. ५० मिलिमीटर त्रिज्येची आणि १ मिलिमीटर जाडीची नळी घ्या आणि तिला लांबीभर एक चीर पाडा. धातू तेवढाच राहतो, वजन तेवढेच राहते. पण पिळाला होणारा विरोध सुमारे ७,५०० पटींनी घटतो. बंद छेद आणि उघडा छेद यांतला फरक इतका टोकाचा असतो. बंद गाडीचे छत, पिलर आणि फरशी मिळून असाच एक बंद छेद तयार होतो. छत काढले की तो उघडतो. प्रत्यक्षात गाडीची अवस्था चिरलेल्या नळीइतकी बिकट होत नाही, कारण दारांखालचे सिल आणि मधला टनेल हे स्वतः बंद छेद असतात आणि त्यांना आडवे तुळईसारखे भाग जोडलेले असतात. म्हणजे पेटीची शिडी होते. त्यानंतर ताठरपणा मिळवायचा तो सिल जाड करून, त्यांचे सांधे भक्कम करून आणि फरशीखाली तिरप्या पट्ट्या लावून. या प्रत्येक उपायाची किंमत किलोग्रॅममध्ये चुकवावी लागते.

या तडजोडीचा परिणाम हाताळणीवर कसा होतो? वळणात पुढच्या आणि मागच्या ॲक्सलने किती भार उचलायचा, हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात, असे आपण गृहीत धरतो. ते खरे ठरते ते बॉडी ताठ असेल तरच. बॉडी आणि सस्पेन्शन एकामागोमाग जोडलेल्या दोन स्प्रिंगांसारखी वागतात. बॉडी दसपट ताठ असेल तर जोडीचा ताठरपणा सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. ती तिप्पटच असेल तर थेट २५ टक्क्यांनी. मग ट्यूनिंग करणारा अभियंता पुढचा बार जाड करतो आणि स्टिअरिंगमध्ये अपेक्षित फरक जाणवत नाही, कारण वाढवलेल्या ताठरपणाचा हिस्सा मधल्या बॉडीने पिळून घेऊन खाल्लेला असतो.

दुसरा परिणाम कंपनाचा. स्प्रिंगांवर बॉडी साधारण १ ते २ हर्ट्‌झने डोलते, चाक १० ते १५ हर्ट्‌झच्या आसपास उसळते. बंद गाडीत बॉडीच्या पिळाची पहिली वारंवारिता या पट्ट्याच्या बरीच वर असते. छत गेले की ती खाली घसरते आणि चाकाच्या उसळीजवळ येऊन बसते. मग खराब रस्त्यावर आरसा थरथरतो, डॅशबोर्ड आणि विंडस्क्रीनची चौकट हलते, स्टिअरिंग कॉलम हातात कुरकुरतो. ग्राहक सांगतो, 'सस्पेन्शन कडक आहे.' सस्पेन्शन बहुधा ठीक असते. कंप पावत असते ती गाडी.

हा धडा शिकायला मर्सिडीजच्या एसएल मालिकेसारखे दुसरे उदाहरण नाही, कारण तिथे सांगाडा आणि नियंत्रण यांची झटापट सात दशके चालू आहे. १९५४ च्या ३०० एसएलची नळ्यांची चौकट अतिशय हलकी होती. ताठरपणा राखण्यासाठी तिच्या बाजू इतक्या उंच ठेवाव्या लागल्या की नेहमीचे दार बसेना. म्हणून दारे छतातून वर उघडली आणि पंखांसारखी ती दारे जगप्रसिद्ध झाली. १९५७ च्या रोडस्टरला नेहमीची दारे हवी होती, म्हणून बाजूची चौकट खाली घेऊन नव्याने बांधावी लागली. त्याच वेळी मागचा स्विंग ॲक्सलही खालच्या एका सांध्यावर आणला गेला आणि त्याला भरपाईची आडवी स्प्रिंग मिळाली. सांगाडा बदलला आणि ॲक्सलही बदलला. दोन्ही निर्णय एकाच आराखड्यावर झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुढचा मोठा टप्पा २००१ चा. त्या वर्षीच्या एसएलमध्ये ॲक्टिव्ह बॉडी कंट्रोल आले. प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगबरोबर एक हायड्रॉलिक सिलिंडर, सुमारे २०० बारचा दाब आणि अँटी-रोल बारला पूर्ण रजा. वळणात गाडी कलणे आणि ब्रेक लावताना नाक खाली जाणे जवळजवळ संपले. पण ही यंत्रणा बॉडीच्या साधारण ५ हर्ट्‌झपर्यंतच्या हालचाली आवरत होती. त्याच्या वरचे काम नेहमीच्या डॅम्परवर आणि रबरी बुशांवर सोडलेले होते. म्हणजे खुल्या गाडीला सर्वाधिक छळणारा कंपनाचा पट्टा त्या काळच्या सर्वात प्रगत सस्पेन्शनच्याही आवाक्याबाहेर होता. तिथे उपाय एकच: बॉडी.

आता सध्याच्या पिढीकडे येऊ. २०२१ मध्ये जाहीर झालेली आर२३२ एसएल एएमजीने आफल्टरबाखमध्ये नव्याने विकसित केली. ॲल्युमिनियमचा स्पेसफ्रेम आणि त्यात पोलाद, मॅग्नेशियम, फायबर कंपोझिट यांची जिथल्या तिथे योजना. विंडस्क्रीनच्या चौकटीत उच्च क्षमतेच्या पोलादाची नळी, कारण गाडी उलटली तर वरून आधार देणारे दुसरे काही नसते. मागे आसनांपाठून उसळून वर येणारे दोन रोल बार. दारे, बॉनेट, डिकी वगळता शेल २७० किलोचा. आधीच्या दोन पिढ्यांचे धातूचे घडीचे छत सोडून पुन्हा कापडी छत घेतले, त्यात २१ किलो वाचले, आणि तेही गाडीच्या सर्वात उंच जागेवरून. गुरुत्वमध्य खाली आणण्याचा याहून स्वस्त मार्ग कुठल्याही सॉफ्टवेअरकडे नाही.

कंपनी सांगते की पिळाचा ताठरपणा आधीच्या एसएलपेक्षा १८ टक्के जास्त आहे. आडवा ताठरपणा ५० टक्के आणि उभा ४० टक्के जास्त आहे, पण एएमजी जीटी रोडस्टरच्या तुलनेत. एका दमात तीन आकडे आणि मोजपट्ट्या दोन. अशा ठिकाणी अभियंत्याने थोडे गणित मांडावे. वारंवारिता ताठरपणाच्या वर्गमुळाबरोबर वाढते. वस्तुमान तेच धरले तर १८ टक्क्यांचा ताठरपणा वारंवारितेत साडेआठ टक्क्यांच्या आसपास उतरतो. ही कमाई लहान नाही. पण पत्रकातल्या आकड्याच्या निम्मीच आहे. ताठरपणासाठी जाड पट्ट्या जोडून वजन वाढवले असते तर तीही आणखी आटली असती. हलक्या धातूचे आणि योग्य जागी ओतलेल्या सांध्यांचे मोल इथे कळते.

एवढा पाया घातल्यावर नियंत्रणाचा विचार करता येतो, आणि आर२३२ चे खरे कौतुक त्या क्रमाचे आहे. एसएल ६३ मध्ये ॲक्टिव्ह राइड कंट्रोल आहे. इथेही नेहमीचे अँटी-रोल बार नाहीत. प्रत्येक डॅम्परला दाबाच्या आणि परतीच्या बाजूला हायड्रॉलिक जोडणी आहे, चारही डॅम्परचे कक्ष नळ्यांनी एकमेकांशी जोडले आहेत आणि पंप व व्हॉल्व्ह त्यांतला दाब ठरवतात. खुल्या गाडीसाठी याचा अर्थ मोठा आहे. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी उंचवट्यावर चढले की पुढचा अँटी-रोल बार बॉडीला एका दिशेने पिळतो आणि मागचा विरुद्ध दिशेने. म्हणजे छत नसलेल्या बॉडीच्या नेमक्या नाजूक जागी घाव पडतो. बार जितका जाड तितका घाव मोठा. हायड्रॉलिक जोडणीत कलण्याला विरोध ठेवून हा तिरपा पीळ मोकळा सोडता येतो. मॅकलारेननेही आपल्या १२सी पासून याच धर्तीची जोडलेली हायड्रॉलिक रचना वापरली. त्यांच्याकडे तर ७५ किलोचा कार्बन फायबरचा मोनोसेल होता. २०१२ च्या १२सी स्पायडरला छत काढल्यावर वेगळे मजबुतीकरण लागलेच नाही आणि वजन कूपेपेक्षा ४० किलोंनी वाढले, ते मुख्यतः छताच्या यंत्रणेमुळे. वाटा वेगळ्या असल्या तरी दोघांनी आधी सांगाड्याचा प्रश्न सोडवला.

मागच्या चाकांच्या स्टिअरिंगचेही तसेच. एसएलची व्हीलबेस २,७०० मिलिमीटर आहे. १०० किलोमीटर वेगापर्यंत मागची चाके पुढच्यांच्या विरुद्ध २.५ अंशांपर्यंत वळतात, त्यावरच्या वेगात त्याच दिशेने. समजा पुढची चाके १० अंश वळली आणि मागची पूर्ण २.५ अंश, तर वळणाची त्रिज्या सुमारे एक पंचमांशाने घटते, जणू व्हीलबेसच २,१५० च्या घरात आली. पण हा अडीच अंशांचा हुकूम मागच्या सबफ्रेमच्या सांध्यांतून बॉडीपर्यंत पोहोचायचा असतो. सांधा लवचिक असेल तर चाक आधी वळते आणि गाडी मागाहून. चालकाला ते 'मागची बाजू स्वतःच्या मनाने वागते' असे जाणवते, आणि वर्कशॉपमध्ये दोष सेन्सरच्या माथी मारला जातो.

इथून पुढचे सांगणे वर्कशॉपमधल्या वाचकांना. एसएल ५५ भारतात २०२३ च्या जूनमध्ये २ कोटी ३५ लाखांना आली. तिच्यात पोलादी स्प्रिंग, बदलते डॅम्पर आणि नेहमीचे अँटी-रोल बार आहेत. अशा गाड्या मोजक्याच, पण वापरलेल्या परिवर्तनीय छताच्या गाड्या पुण्या-मुंबईच्या वर्कशॉपांत येत असतात आणि नियम सगळ्यांना सारखेच लागू आहेत. फरशीखालच्या तिरप्या पट्ट्या हा सांगाड्याचा भाग आहे. गिअरबॉक्स उतरवताना त्या काढल्या तर प्रत्येक बोल्ट ठरलेल्या टॉर्कनेच परत बसला पाहिजे, आणि पुस्तिकेत एकदाच वापरायचे म्हटलेले बोल्ट नवेच हवेत. गाडी एका कोपऱ्यावर जॅकने उचलून ठेवू नये. ती तशी असताना छत चालवू नये, दारांच्या फटीही जुळवू नयेत. विंडस्क्रीनची काच चिकटवलेली असते आणि चौकटीच्या ताठरपणात तिचा वाटा असतो; चिकटवणारे रसायन आणि ते सुकण्याचा वेळ यांत काटकसर चालत नाही. ॲल्युमिनियमच्या शेलला पोलादी स्क्रू थेट लावला की कोकणच्या दमट हवेत गंज धरायला वेळ लागत नाही. मागची चाके वळणारी असतील तर व्हील अलाइनमेंटआधी डायग्नोस्टिक यंत्राने ॲक्चुएटर मध्यावर आणणे ही पहिली पायरी आहे. मागचा टो चुकला तर गाडी तिरकी चालते आणि पुढचे कितीही अलाइनमेंट तिला सरळ करत नाही.

चाचणी घेणाऱ्यांकडे आमचे मागणे थोडे वेगळे आहे. खुल्या गाडीची नोंद छत उघडे आणि छत बंद अशी दोनदा व्हावी, कारण दुमडलेले छत मागच्या ॲक्सलवर भार टाकते. टायरचा दाब, प्रवासी आणि रस्त्याचा पृष्ठभाग त्याच पानावर लिहावा. 'चेसिस उत्तम' हा शेरा नोंदवहीतून हद्दपार व्हावा आणि त्याच्या जागी कोणत्या वेगाला, कोणत्या रस्त्यावर, कोणता भाग हलला हे यावे. ॲक्सेलरोमीटर आता स्वस्त झाले आहेत. आरशाच्या बुंध्याशी एक आणि आसनाच्या रुळावर एक बसवला, की वाद मतांवरून हर्ट्‌झवर येतो.

निर्मात्यांकडे मागणी एकच: टक्क्यांबरोबर मूळ आकडा द्या. किती न्यूटन-मीटरला बॉडी एक अंश पिळते आणि तिची पहिली वारंवारिता किती, या दोन आकड्यांनी निम्मे माहितीपत्रक अनावश्यक ठरेल. ते मिळेपर्यंत ही मोजमापे आपणच करू शकतो, आणि ती आमच्याकडे पाठवली तर या पानांवर जागा राखून ठेवू. मोड बदलण्याची कळ गाडी विकायला पुरेशी असेल. गाडी समजून घ्यायला सुरुवात सिलपासून करावी लागते.