भावाचें लग्न विलायतेला, बाळ पाळण्यांत

८ जून १९४८ रोजीं एअर इंडियाचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनीव्हा करीत लंडनला पोंचलें, तेव्हां तो एक सोहळाच झाला होता. आज तेंच अंतर सुमारें दहा तासांत तुटतें, आणि विलायतेस जाऊन येण्याची गोष्ट मुंबईस जाऊन येण्याइतक्या सहजपणें घरोघर बोलली जाते. ही सहजता चांगलीच आहे. परंतु बोलणें सोपें झालें म्हणून तान्ह्या मुलास प्रवास सोपा झाला असें मात्र समजूं नये.

हें लिहिण्याचें कारण एका भगिनीचें पत्र. पुण्याचें एकत्र कुटुंब. पहिलें बाळंतपण दोन महिन्यांवर आलेलें. पाठच्या एकुलत्या भावाचें लग्न लंडनला ठरलें आहे, आणि त्या वेळीं बाळ जेमतेम अकरा आठवड्यांचें असेल. माहेरची मंडळी म्हणतात, "करवलीवांचून लग्न कसलें?" सासूबाई म्हणतात, "तान्हें घेऊन सातासमुद्रापलीकडे जाणें मला पसंत नाहीं." यजमान म्हणतात, "तूं म्हणशील तसें." आणि ही बाई विचारते, "मीं काय करावें?"

पत्र वाचून एक गोष्ट मनाला लागली. प्रत्येकानें आपलें मत दिलें आहे. 'मी अमुक काम अंगावर घेतों' असें मात्र कोणीच म्हटलेलें नाहीं. या प्रश्नाचें खरें मर्म येथें आहे. पण आधीं बाळाचा व आईचा विचार करूं.

आपल्याकडे बाळंतिणीस सव्वा महिना घराबाहेर पडूं देत नसत. ही रूढि केवळ सोंवळ्यापायीं पडली असें समजून पुष्कळ तरुण मंडळी तिला हसतात. परंतु आजचे डॉक्टरही प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनीं आईची तपासणी करतात, आणि जन्मवेळच्या लसींनंतरचा पहिला मोठा हप्ता बाळास सहाव्या आठवड्यासच मिळतो. तेव्हां सासूबाईंच्या म्हणण्यांत शहाणपण आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. मात्र पहिल्या सव्वा महिन्याचा नियम अकराव्या आठवड्यास जसाच्या तसा लावणें बरोबर होणार नाहीं. पुष्कळ विमानकंपन्या सात दिवसांच्या आंतील अर्भकास घेत नाहींत, आणि बालरोगतज्ज्ञ शक्य तर दोन-तीन महिने थांबावें असें सुचवितात. पूर्ण दिवसांचें व वजन नीट वाढत असलेलें अकरा आठवड्यांचें बाळ या मर्यादेंत बसतें. बाळ अपुऱ्या दिवसांचें असेल, किंवा हृदयाचें वा फुप्फुसांचें कांहीं दुखणें असेल, तर डॉक्टरांनीं स्पष्ट परवानगी दिल्यावांचून जाण्याची गोष्टच काढूं नये. मग लग्न सख्ख्या भावाचें कां असेना.

विमानांतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. आपलें कळसूबाईचें शिखर सुमारें ५,४०० फूट. म्हणजे बाळ दहा तास कळसूबाईहूनही उंच जागीं असणार. निरोगी बाळास तें सोसतें. त्रास होतो तो कानांस, व तोही विशेषतः विमान उतरतांना. गिळण्यानें कान मोकळे होतात, म्हणून विमान चढतांना आणि उतरूं लागल्यावर बाळास अंगावर घ्यावें. उतरण्यास सुमारें अर्धा तास आधींच आरंभ होतो. तेव्हां त्यापूर्वीं पोटभर पाजून ठेवूं नये. पुढील भिंतीस लावण्याचा पाळणा थोड्याच जागांपुढें असतो. तो तिकिटाबरोबरच मागून ठेवावा व त्याची वजनाची मर्यादा विचारावी. हवेचे धक्के बसूं लागले कीं बाळास त्यांतून काढून मांडीवर घ्यावें लागतें. म्हणून आईनें अखंड झोंपेची आशा धरूं नये.

आईच्या प्रकृतीचा विचार तर बहुधा कोणी करीतच नाहीं. बाळंतपणानंतरचे कांहीं आठवडे पायांच्या शिरांत रक्ताची गांठ होण्याचा धोका एरवींपेक्षां अधिक असतो. पहिल्या सहा आठवड्यांत तो विशेष. दहा तास एका जागीं बसल्यानें त्यांत भर पडते. शस्त्रक्रियेनें बाळंतपण झालें असेल तर अधिकच जपावें. दर तास-दीड तासानें उठून चालावें, पाणी भरपूर प्यावें, आणि पायांत घट्ट मोजे घालावेत कीं काय हें डॉक्टरांस विचारावें. हें करावयाचें तर बाळास घेणारें दुसरें माणूस शेजारीं हवेंच.

रोगांची गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्या सरकारी वेळापत्रकाप्रमाणें बाळास ६, १० व १४ आठवड्यांस लसी देतात. गोंवराची लस तर नवव्या महिन्यांत येते. इंग्लंडांत २०२४ सालीं गोंवराचे जितके रुग्ण आढळले, तितके २०१२ नंतर कोणत्याच वर्षीं आढळले नव्हते. त्याच सालीं डांग्या खोकल्याची मोठी सांथ येऊन कांहीं अर्भकेंही दगावलीं. विलायत स्वच्छ म्हणून तेथें रोग नाहींत, हा समज सोडून द्यावा. सहाव्या व दहाव्या आठवड्याच्या लसी झाल्यावांचून निघूं नये. आणि एक आंकडा सर्वांनीं पाठ करावा: तीन महिन्यांच्या आंतील बाळाचा ताप १००.४ अंशांवर गेला तर घरगुती उपाय न करतां ताबडतोब डॉक्टर गांठावा. इंग्लंडांत सल्ल्यासाठीं १११ व प्राणसंकटांत ९९९ हा क्रमांक आहे. इस्पितळांत राहण्याची वेळ आल्यास परदेशी पाहुण्यास खर्च सोसावा लागतो, म्हणून विमा घ्यावा. मात्र कांहीं विमे तीन किंवा सहा महिन्यांखालील बाळास घेत नाहींत, तेव्हां वयाची अट आधीं वाचावी.

आतां कागदपत्रें. बाळास स्वतंत्र पासपोर्ट व स्वतंत्र व्हिसा लागतो. पासपोर्टाला जन्माचा दाखला हवा, आणि दाखल्यावर नांव हवें. म्हणजे सर्व कारभाराचा आरंभ बारशापासून होतो! नांवाचा वाद पुढें कधीं तरी मिटवूं असें म्हणणाऱ्या घरांनीं हें ध्यानांत ठेवावें. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आंत करावयाची असते. ती पहिल्याच आठवड्यांत करून बाराव्या दिवशीं ठरलेलें नांव लगेच घालून घ्यावें. पासपोर्टाच्या अर्जासोबत आईबापांच्या सह्यांचें घोषणापत्र व पांढऱ्या पार्श्वभूमीवरचें बाळाचें छायाचित्र लागतें. त्यानंतर व्हिसाचे साधारण तीन आठवडे धरावेत. त्याचा अर्ज प्रवासापूर्वीं तीन महिन्यांहून आधीं करतां येत नाहीं. पांच वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहींत, पण छायाचित्रासाठीं त्यांस न्यावें लागतें. सर्व सुरळीत झालें तर नवव्या आठवड्याच्या सुमारास कागद हातीं येतील. फुरसत फार नाहीं.

लग्नघरीं पोंचल्यावर कांहीं गोष्टी निक्षून पाळाव्यात. विमानतळावरून नातलगांच्या मोटारींत काकूच्या मांडीवर बाळास घेऊन बसणें तेथें कायद्यास मंजूर नाहीं; लहान मुलांची खास बैठक आधींच मागून ठेवावी. कार्यालयांत पाजण्यानिजविण्यास एक निराळी खोली मागावी. होमाचा धूर आणि ढोल-ताशांचा गजर यांपासून बाळास दूर ठेवावें. डोळ्यांत काजळ घालूं नये. दृष्टीचीच भीति असेल तर तळपायास तीट लावावी. आणि प्रत्येक आप्ताला बाळाचा मुका घेऊं देण्याची भीड मुळींच धरूं नये. आईला हें सांगणें अवघड जातें. तें घरांतील वडील माणसानें सांगावें. डिंकाचे-अळिवाचे लाडू बांधण्यापूर्वीं तेथील नियम पाहावा. पेढे, बर्फी, तूप असले दुधाचे पदार्थ भारतांतून तेथें नेऊं देत नाहींत. बाळाच्या दुधास मात्र मोकळीक आहे.

आतां त्या मुख्य प्रश्नाकडे वळूं. बाळ कोणाच्या हातीं राहणार? एरवीं लेक माहेरीं गेली म्हणजे बाळास आजीची मांडी असतेच. परंतु या लग्नांत ती आजी वरमाय आहे, आजोबा वरपिता, मामा तर बोहल्यावर, आणि बाळाची आई हातांत दिवा घेऊन भावामागें उभी. म्हणजे ज्या माहेरच्या जिवावर जावयाचें, त्या माहेरास त्या दिवशीं उसंत नाहीं. उरले यजमान व सासूबाई. यजमानांनीं 'तूं म्हणशील तसें' हें उदार वाक्य बाजूस ठेवून लंगोट बदलणें, निजविणें, रात्रीं फिरविणें पहिल्या दिवसापासून शिकून घ्यावें. आणि सासूबाईंस आमची हात जोडून विनंति आहे, कीं आपली काळजी रास्त आहे. पण 'नको' म्हणण्याऐवजीं 'मी बरोबर येतें' असें म्हणतां आलें, तर तीच काळजी बाळाच्या किती कामास येईल! आपणांस प्रवास झेपणारा नसेल, तर दुसरें कोण जाईल हें आपणच ठरवावें.

म्हणून आमचा सल्ला असा. तयारी आजपासून करावी. निर्णय मात्र सहाव्या आठवड्याच्या तपासणीनंतर घ्यावा. तिकीट बदलतां येईल असेंच काढावें. भावास आजच मोकळेपणानें लिहावें, कीं बहीण येईल असें गृहीत धरूं नकोस, आणि येणार नाहीं असेंही मनांत आणूं नकोस. बाळ-बाळंतीण खुशाल असतील, दोन मोकळे हात बरोबर असतील, आणि आईचें मन घेत असेल, तर तिला अवश्य जाऊं द्यावें. एकुलत्या भावाच्या लग्नांत उभें राहण्याची तिची इच्छा हा कांहीं हट्ट नव्हे. या तिहींतील एक जरी गोष्ट नसेल, तर तिनें राहावें, आणि माहेरानें त्याचा विषाद मानूं नये. शेवटचा शब्द मात्र तिचा असावा, कारण रात्रीं बाळ रडलें कीं उठावयाचें तिलाच असतें. नवें जोडपें पुढें कधीं पुण्यास येईल, तेव्हां ओवाळायला तीच दारांत उभी राहील आणि मामाच्या मांडीवर भाचरूं बसेल.